उद्देश-कलमाची कुळकथा

नवी कंपनी काढावयाची म्हणजे तिचे नाव, पत्ता व भांडवल यांच्याबरोबर ती कशासाठी जन्मास येत आहे हेही सरकारदप्तरी नोंदवावे लागते. आणि मुंबईच्या सॉलिसिटरांच्या पेढ्यांत ज्याला ‘ऑब्जेक्ट्स क्लॉज’ म्हणतात ते उद्देश-कलम या नोंदीतूनच सिद्ध होते. यातील ‘उद्देश’ संस्कृत, दिशा दाखविणारा. ‘कलम’ मात्र अरबी-फारसीच्या वाटेने आपल्याकडे आलेला, मुळात लेखणीचा वाचक, आणि तहनाम्यांची कलमबंदी होऊ लागली तेव्हा लेखणीने वेगळ्या पाडलेल्या एकेका मुद्द्याचे नाव झालेला. नाव असे आपल्या ओळखीचे असले तरी या कलमाचे कूळ सर्वस्वी विलायती आहे.

त्या कुळाचा मूळपुरुष म्हणजे राजाची सनद. ३१ डिसेंबर १६०० रोजी एलिझाबेथ राणीने लंडनच्या व्यापाऱ्यांना पूर्वेकडील व्यापाराची जी सनद पंधरा वर्षांच्या मुदतीने दिली, तीत उद्देश होता. परंतु सनदेने जन्मलेल्या मंडळीला माणसासारखेच सर्व व्यवहार करता येतात असे इंग्लंडचे न्यायाधीश मानीत असल्यामुळे तो उद्देश तिच्या पायातली बेडी नव्हता. हे स्वातंत्र्य कोठवर जाई याचा मासला म्हणजे १६९१ साली तलवारीची पोकळ पाती घडविण्यासाठी सनद मिळविलेली एक कंपनी: काही वर्षांतच तिने पाती बाजूला ठेवून पेढी मांडली आणि १७२० साली साउथ सी कंपनीच्या सट्ट्याची सावकारी करता करता ती बुडाली. लंडनला पाणी पुरविण्यासाठी निघालेल्या दुसऱ्या एका कंपनीने स्कॉटलंडातील बंडखोरांच्या जप्त जहागिरी खरेदी केल्या. जुन्या सनदेच्या आडून भलताच धंदा करण्यास बंदी घालणारा कायदा पार्लमेंटने १७२० मध्येच केला यात नवल नाही; नवल वाटावयाचे तर एवढेच, की तोवर कोणास ते खटकले नव्हते.

पुढे आगगाड्या आल्या आणि प्रश्नाचे स्वरूप पालटले. रेल्वे कंपनीला लोकांची जमीन सक्तीने घेण्याचा अधिकार पार्लमेंट स्वतंत्र कायद्याने देई. तेव्हा त्या कायद्यात लिहिलेल्या कामाखेरीज तिने दुसरे काही करू नये, हे ओघानेच आले. ईस्टर्न काउंटीज रेल्वेने हार्विच बंदरातून निघणाऱ्या आगबोटींना आपल्या पैशाची हमी देण्याचे योजिले, तेव्हा १८४६ साली एका भागधारकाने न्यायालयात जाऊन तिला थांबविले. दुसऱ्याच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेचा उद्देश ही तिची प्रतिज्ञा नसून तिच्यावर घातलेली मर्यादा आहे, हा विचार या काळात रुजला. आणि माझ्या मते उद्देश-कलमाचा खरा जन्म येथे आहे.

१८५६ मध्ये रॉबर्ट लो याच्या पुरस्काराने झालेल्या कायद्याने सात सह्यांचा एक छोटा दस्तऐवज दाखल केला की कोणालाही मर्यादित जबाबदारीची कंपनी काढता येऊ लागली. या दस्तऐवजाचे नाव मेमोरँडम, आणि उद्देश-कलम त्यातच लिहावयाचे. धनकोला यापुढे भागधारकांच्या घरादारावर हात टाकता येणार नव्हता, त्याची सारी भिस्त कंपनीच्या तिजोरीवर. म्हणून ती तिजोरी कोणत्या कामी रिती होणार हे त्याला आगाऊ वाचावयास मिळाले पाहिजे, एवढाच या कलमाचा साधा हेतू होता. १८६२ च्या कायद्यात तर एकदा लिहिलेला उद्देश बदलण्याची सोयच ठेवलेली नव्हती.

या कठोरतेची कसोटी ॲशबरी कंपनीच्या खटल्यात लागली. रेल्वेचे डबे व सामान बनविणे, विकणे, भाड्याने देणे, यांत्रिक अभियंत्यांचा व सर्वसाधारण मक्तेदारांचा व्यवसाय करणे, खाणी व जमिनी घेणे, लाकूड-कोळसा-धातूंचा व्यापार करणे, असे तिचे चारसहा ओळींचे कलम होते. संचालकांनी बेल्जममध्ये अँटवर्प ते तूर्ने असा लोहमार्ग बांधण्याचा परवाना विकत घेतला आणि बांधकाम रिश नावाच्या मक्तेदारांकडे सोपविले; पुढे कंपनीने करार झिडकारला, रिश यांनी दावा लावला, आणि ‘सर्वसाधारण मक्तेदार’ या दोन शब्दांत अख्खा लोहमार्ग मावतो काय, या प्रश्नावर प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेले. १८७५ मध्ये लॉर्ड केर्न्स यांनी निकाल दिला: ते शब्द शेजारच्या ‘यांत्रिक अभियंते’ या शब्दांच्या संगतीनेच वाचावयाचे, त्यांत लोहमार्ग बसत नाही, आणि उद्देशाबाहेरचा करार सर्व भागधारकांनी एकमुखाने मान्य केला तरी तो जिवंत होत नाही. राणीच्या त्या सनदेने व्यापारासाठी निघून एका देशाची दिवाणी बळकावणारी आणि १८१७ मध्ये शनिवारवाड्यावर आपले निशाण चढविणारी ती ईस्ट इंडिया कंपनी याच्या आदल्याच वर्षी, १ जून १८७४ रोजी, विसर्जित झाली होती. म्हणजे कंपनीने उद्देशाबाहेर पाऊल टाकू नये, हा दंडक न्यायासनावरून अखेरचा ठरला तो तिला तिलांजली मिळाल्यावर.

या निकालाचा परिणाम मात्र उलटा झाला. थोडक्यात लिहिणाऱ्याला शिक्षा होते असे दिसताच वकिलांनी थोडक्यात लिहिणे सोडले. १८९० मध्ये न्यायालयाच्या संमतीने उद्देश बदलण्याची वाट थोडी उघडली, तरी मसुदे फुगतच गेले. रबर आणि तंबाखूच्या मळ्यांसाठी निघालेल्या एसेक्विबो नावाच्या कंपनीच्या कलमाला इतकी पोटकलमे होती, आणि प्रत्येक पोटकलम स्वतंत्र उद्देश समजावे अशी पुस्ती जोडलेली होती, की तिने एका तेल कंपनीच्या भागांची हमी घेतली तेव्हा १९१८ मध्ये लॉर्डांना ती नाइलाजाने वैध ठरवावी लागली. त्या निकालात या प्रथेवरचा न्यायमूर्तींचा त्रागा लपलेला नाही. १९६६ पर्यंत तर, संचालकांना लाभदायक वाटेल तो धंदा करण्याची मुभा देणारे कलमही न्यायालयाने चालवून घेतले. धनकोने वाचावे म्हणून निघालेला मजकूर कोणीच वाचू नये असा झाला होता.

आपल्याकडे हे सारे कायद्यांच्या नकलेबरोबर आले: मर्यादित जबाबदारी १८५७ मध्ये, सविस्तर कायदा १८६६ मध्ये, म्हणजे मुंबईत कापसाच्या पैशावर समुद्र बुजविणाऱ्या कंपन्यांचा फुगा फुटल्याच्या दुसऱ्याच वर्षी, पुढे १९१३ व १९५६ चे कायदे. ॲशबरीचा दंडक मात्र येथे अधिक काळ तेज राखून राहिला. राष्ट्रीयीकरण तोंडावर असता एका विमा कंपनीने १९५५ मध्ये एका स्मारक-न्यासाला दोन लाख रुपये दिले. ही देणगी उद्देशाबाहेरची म्हणून सर्वोच्च न्यायालयाने रद्दबातल ठरविली आणि रक्कम भरून देण्याचा बोजा संचालकांवर टाकला.

इंग्लंडने २००६ च्या कायद्याने हा सारा खटाटोपच सोडून दिला: कंपनीने स्वतः मर्यादा घालून घेतली नसेल तर तिचे उद्देश अमर्याद. आपण तसे केले नाही. १९६५ च्या दुरुस्तीने मुख्य, आनुषंगिक आणि ‘इतर’ असे उद्देशांचे तीन वाटे पाडले होते, आणि मसुदा करणाऱ्यांनी शेतीपासून सिनेमापर्यंत सारे काही त्या तिसऱ्या वाट्यात भरून ठेवण्याची सवय लावून घेतली होती. २०१३ च्या कायद्याने तो तिसरा वाटाच काढून टाकला. आता डबे बनविणाऱ्या कंपनीला पुढे लोहमार्ग बांधावासा वाटला, तर तिने भागधारकांचा विशेष ठराव करावा आणि निबंधकाच्या दप्तरी कलम बदलून आणावे.