दिनविशेष : १० ऑक्टोबर
तलासरीजवळच्या तलवाडा येथे १० ऑक्टोबर १९४५ रोजी पोलिसांनी वारली आदिवासींच्या जमावावर गोळीबार केला. जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण हुतात्मा झाले. किसान सभेच्या नेत्या गोदावरी परुळेकर यांच्या जिवाला धोका असल्याची अफवा पसरल्याने त्यांच्या रक्षणासाठी माणसे रातोरात धावून आली होती. त्या मात्र तिथे नव्हत्याच. डहाणू-उंबरगाव पट्ट्यातील वारली तेव्हा जमीनदारांच्या वेठबिगारीत पिचले होते. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवराबायको आयुष्यभर राबत. अशांना लग्नगडी म्हणत. मे १९४५ मध्ये झरीच्या सभेत किसान सभेच्या लाल बावट्याखाली वेठ नाकारण्याचा निर्धार झाला. पाठोपाठ गवतकापणीच्या वाजवी मजुरीसाठी संप पुकारला गेला. गोळीबारानंतरही लढा थांबला नाही. परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात ही हकिगत आहे.