मिऱ्यांचा विसावा हिस्सा

दोन दिवसांत लिस्बन पाहून झाले, असे कोणी सांगितले तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये. मीही दोनच दिवस राहिलो आणि त्यांतले निम्मे खाण्यात घालवले. परंतु या शहराचा इतिहास ताटातून लवकर कळतो, असे मला आता वाटते.

पहिल्या दुपारी एका लहानशा खानावळीत शिरलो. पोर्तुगीज भाषेचा गंध नाही. पण वाढपी पदार्थांची नावे सांगू लागला आणि पाव, बटाटा, कोबी एवढे मला दुभाष्यावाचून समजले. हे शब्द आपण त्यांच्याचकडून घेतले. वस्तूही त्यांच्याच जहाजांतून आल्या. अमेरिकेतली मिरची त्यांनी सोळाव्या शतकात गोव्याच्या किनाऱ्यावर उतरवली आणि पुढे बटाटाही आणला. आज आपला उपाससुद्धा या दोन परदेशी पाहुण्यांवाचून पार पडत नाही! देवघेव एकतर्फी मात्र नव्हती. आंब्याला ते 'मांगा' म्हणतात, तो शब्द मलबारचा. आणि उपाहारगृहांच्या काचेआड 'शामुसा' नावाने जो मांडलेला असतो, तो आपला सामोसाच.

जेवून तेजो नदीकाठच्या विस्तीर्ण चौकात गेलो. येथे राजवाडा होता आणि त्याच्या शेजारी पूर्वेच्या व्यापाराचा कारभार पाहणारी 'काझा दा इंडिया', म्हणजे हिंदुस्थानची कचेरी. 1 नोव्हेंबर 1755 रोजी सकाळी, लोक सणाच्या प्रार्थनेला जमले असता, भूकंप झाला. मागोमाग समुद्र चढून आला आणि आगीही लागल्या. राजवाडा गेला, कचेरी गेली आणि तिच्या दप्तरांचा मोठा भाग नष्ट झाला. आजचे सरळ रस्त्यांचे शहर त्यानंतर पोंबालने वसवले.

दुसऱ्या दिवशी ट्रामने बेलें गाठले. जहाजे हिंदुस्थानकडे निघत ती इथून. 1514 साली बांधायला घेतलेल्या तेथल्या बुरुजावर एक झिजलेले गेंड्याचे डोके कोरलेले आहे. गुजरातच्या मुजफ्फरशहाने आल्बुकर्कला गेंडा भेट दिला होता. त्याने तो गोव्याहून राजाकडे पाठवला आणि मे 1515 मध्ये तो लिस्बनला उतरला. राजाने पुढे तो पोपकडे रवाना केला. पण वाटेत इटलीच्या किनाऱ्यालगत जहाज बुडाले आणि बिचारा गेंडाही बुडाला.

जवळच जेरोनिमुसचा मठ. 1501 च्या सुमारास मानुएल राजाने तो बांधायला घेतला. खर्चासाठी आफ्रिका आणि पूर्वेकडील व्यापारावर शेकडा 5 कर बसवला होता. लोक त्याला मिऱ्यांचा विसावा हिस्सा म्हणत. दोरखंड, प्रवाळ, पाने, फुले अशा कोरीव कामाने लगडलेले ते खांब पाहून मान आपोआप वर जाते. भूकंपातही मठ बहुतांशी उभा राहिला. हिशेबाची दप्तरे गेली, इमारत राहिली.

आत वास्को द गामाची समाधी आहे. तो 1524 साली कोचीनला वारला. त्याच्या अस्थी पुढे मायदेशी नेल्या आणि 1880 मध्ये इथे आणल्या. पुतळ्याचे हात जोडलेले आहेत. ते पाहताना मला 1502 सालची गोष्ट आठवत होती. मक्केहून परतणाऱ्या यात्रेकरूंचे जहाज याच माणसाने मलबारच्या समुद्रात लुटून, आत बायकामुले असताना, जाळले होते. त्या माणसांसाठी येथे एक ओळही कोरलेली नाही. मी पुष्कळ वेळ उभा राहिलो. नमस्कार मात्र केला नाही.

बाहेर पडलो तो दालचिनीचा वास आला. 1834 साली पोर्तुगालमधील मठ बंद झाले, आणि 1837 पासून जवळच्या दुकानात मठातल्या कृतीने अंड्याच्या पिवळ्या बलकाच्या वाट्या भाजून विकतात. गरम वाटी पुढ्यात आली. वर दालचिनी भुरभुरून घ्यायची असते. साखर, दालचिनी! एकीपायी ब्राझीलच्या मळ्यांत गुलाम राबले, दुसरीपायी सिंहलद्वीपात लढाया झाल्या.

मी दोन वाट्या खाल्ल्या. उत्तम होत्या, हे कबूल केले पाहिजे. गोव्यात साडेचारशे वर्षांच्या राजवटीचा 1961 साली शेवट झाला आणि तो निकाल लिस्बनने 1974 साली मान्य केला. त्या राजवटीवरचा माझा राग त्या दोन वाट्यांनी कमी झाला नाही, आणि रागाने त्यांची चवही बिघडली नाही. घरी परतल्यावर बटाट्याची भाजी आणि पाव पुढ्यात आला, तेव्हा मात्र पहिला घास तोंडात घालण्यापूर्वी हात क्षणभर थांबला.