काळी, पांढरी आणि परमुलखांतील मिळकत



मराठी मुलखांतील गांवाची वांटणी आपल्या पूर्वजांनीं मातीच्या रंगावरून केली. नांगराखालची जमीन ती काळी; आणि जिच्यावर घरें, देऊळ, चावडी व बाजार उभा, ती पांढरी. कुणब्याचें पोट काळीवर चाले. कोष्टी, तेली, कासार, वाणी आणि सावकार यांचें पांढरीवर. आज मला ज्या विषयावर बोलावयाचें आहे तो दिसावयास अगदीं नवा आहे. घर सोडून परमुलखांत राहणारा, कोणाचाही चाकर नसलेला आणि केवळ आपल्या हुन्नरावर मिळविणारा मनुष्य कर कोणास देतो, आणि आपला हिशेब कसा राखतो, हा तो विषय. शहरांतील सुशिक्षित घरांपैकीं पुष्कळांत असा एखादा मुलगा किंवा अशी एखादी मुलगी आज आहे. परंतु या प्रश्नाचें मूळ शोधूं लागल्यास आपण त्या काळी-पांढरीच्या भेदापाशींच येऊन पोंचतों, आणि तेंही वैनगंगेच्या खोऱ्यांत.

गोंदिया शहरास लागून फुलचूर नांवाचें गांव आहे. १९९९ सालीं १ मे रोजीं गोंदिया जिल्हा निराळा झाला. त्यापूर्वीं हा भाग भंडारा जिल्ह्यांत मोडे, आणि त्याच्याही आधीं नागपूरकर भोसल्यांच्या राज्यांत. हा भाताचा मुलूख. काळीचा वसूल पाटलामार्फत सरकारांत जाई, हें इतर ठिकाणांसारखेंच. नागपूरच्या राज्याचें वैशिष्ट्य असें कीं, तेथें पांढरीवरही एक स्वतंत्र कर होता, आणि त्याचें नांवच मुळीं ‘पांढरी’. जो जमीन कसत नाहीं, पण व्यापार, कारागिरी अगर सावकारी करून मिळवितो, त्यानें आपल्या ऐपतीच्या मानानें तो द्यावयाचा. घरपट्टी, मोहतर्फा असे कर महाराष्ट्रांत अन्यत्रही होते. परंतु ‘ज्याचें उत्पन्न जमिनींतून येत नाहीं तो’ ही करदात्याची व्याख्या या एका शब्दांत जितकी स्वच्छ उतरली आहे, तितकी ती मला दुसरीकडे आढळली नाहीं.

येथें जरा थांबावेंसें वाटतें. जमिनीवर सारा बसविणें सोपें असतें. शेत रात्रींतून पळून जात नाहीं. विणकराचें तसें नाहीं. तो आपला माग उचलून दुसऱ्या गांवीं नेऊं शकतो, आणि सावकाराची सगळी दौलत तर त्याच्या वहींत असते. मग अशा मनुष्याची मिळकत मोजावयाची कशी? जुन्या गांवांत याचें उत्तर शेजारी हें होतें. कोणाच्या मागावरून किती लुगडीं उतरलीं, कोणाच्या घरच्या लग्नांत किती पंगती उठल्या, हें सर्वांच्या डोळ्यांसमोर असे. ऐपत ही लपविण्याजोगी वस्तु नव्हती. या पद्धतींत अन्याय होत नसेल असें मी म्हणत नाहीं. पाटलाशीं वांकडें असलेल्या तेल्याची ऐपत एका रात्रींत दुप्पट ठरावयास कितीसा वेळ! पण निदान त्याच्या बाजूनें बोलणारीं चार माणसें तेथें होतीं. घर सोडून गेलेल्या मनुष्याला हेंच साधन राहत नाहीं, आणि पुढच्या साऱ्या भानगडी तेथूनच निघतात.

१८५३ च्या डिसेंबरांत तिसरे रघूजी भोसले वारले आणि पुढच्याच वर्षीं राज्य खालसा झालें. १८६१ मध्यें मध्यप्रांताची घडण झाली. तरी इंग्रजांनीं पांढरीची वसुली सोडली नाहीं; ती थेट विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत चालली. मध्यंतरीं १८५७ च्या धामधुमीनें रिकामा झालेला खजिना भरण्यासाठीं जेम्स विल्सन हा गृहस्थ कलकत्त्यास आला. हा मूळचा टोप्यांचा कारखानदार, आणि लंडनच्या ‘इकॉनॉमिस्ट’ पत्राचा संस्थापक. १८६० च्या फेब्रुवारींत त्यानें हिंदुस्थानांत प्राप्तिकराची योजना मांडली आणि त्याच वर्षीं ऑगस्टांत तो वारला. वर्षास २०० रुपयांवर ज्याची प्राप्ति त्याच्यावर हा कर होता, आणि त्यांत जमिनीचें उत्पन्नही धरलेलें होतें. लोक कुरकुरले, अधिकारी वैतागले, आणि १८६५ सालीं तो बंद पडला. त्यानंतर परवान्याचा कर, पुन्हां प्राप्तिकर, पुन्हां परवाना, अशी वीस वर्षें धरसोड झाली. शेवटीं १८८६ चा कायदा आला, आणि त्यानें शेतीचें उत्पन्न सरसकट वगळलें. कारण शेतकरी सारा देतच होता. म्हणजे कलकत्त्याच्या मुत्सद्द्यांनीं पाव शतक धडपडून जी रेषा आंखली, ती वैनगंगेकांठच्या कोणत्याही कुणब्यानें त्यांना पहिल्याच दिवशीं दाखविली असती. ती रेषा अद्याप पुसलेली नाहीं. शेतीच्या उत्पन्नावर कर बसविण्याचा अधिकार आपल्या राज्यघटनेनें केंद्राकडे न देतां राज्यांकडे ठेवला आहे.

आतां परमुलखाकडे वळूं. १८८० नंतरच्या दशकांत नागपुराहून पूर्वेकडे आगगाडी गेली, गोंदिया हें मोठें जंक्शन झालें, आणि भाताच्या गिरण्या व विड्यांचे कारखाने निघून पांढरी फुगत गेली. गुजरातेंतून, मारवाडांतून व्यापारी येऊन येथें स्थायिक झाले. ते परमुलखांतच मिळवीत होते; पण पेढी धरून, गोतावळा धरून. एकटा, स्वतःच्या जबाबदारीवर बाहेर पडणारा मनुष्य पाहावयाचा तर आणखी मागें, मराठी फौजेंत जावें लागतें. तेथें दोन प्रकारचे स्वार असत. बारगिराला घोडा सरकारचा. शिलेदाराचा घोडा, हत्यार, सारा सरंजाम स्वतःचा. त्याच्या पगारांत घोड्याची किंमत, दाणावैरण, झीज सगळें आलें. इंग्रजींत स्वतंत्र व्यावसायिकाला ‘फ्रीलान्स’ म्हणतात, म्हणजे ज्याचा भाला कोणाचा बांधलेला नाहीं असा. वॉल्टर स्कॉटच्या १८१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘आयव्हॅन्हो’ कादंबरीनें तो शब्द रूढ केला. आपल्याकडे ‘शिलेदार’ हा त्याहून नेमका शब्द कितीतरी आधीं तयार होता. १७४२ पासून नागपूरकरांच्या स्वाऱ्या बंगाल-ओरिसापर्यंत जाऊं लागल्या, तेव्हां असे कित्येक शिलेदार घरापासून शेंकडों कोस दूर राहून मिळवीत होते.

शिलेदाराची खरी अडचण लढाईंत नव्हती, हिशेबांत होती. हातीं आलेले रुपये ही त्याची कमाई नव्हेच. त्यांतून घोडा वजा केल्यावर जें उरे ती कमाई. परदेशांत संगणकासमोर बसून चित्रें काढणाऱ्या किंवा भाषांतरें करणाऱ्या आजच्या तरुणाची पहिली चूक नेमकी हीच असते. खात्यांत आलेली रक्कम तो पगार समजतो, आणि वर्षअखेर कर व विमा यांची मागणी आली म्हणजे त्याची त्रेधा उडते. नोकराचा कर मालक आधींच कापून घेतो. शिलेदाराचा कोण कापणार?

आपल्या जुन्या कारकुनांनीं या बाबतींत जी शिस्त बसविली होती, ती आजही लाजविणारी आहे. पेशव्यांच्या हुजूर फडांत रोजच्या घडामोडींची रोजकीर्द असे, तिच्यावरून खात्यांची खतावणी निघे, खतावणीवरून ताळेबंद. त्याशिवाय पुण्यास ‘एकबेरीज दफ्तर’ होतें, जेथें सर्व राज्याचे हिशेब एकत्र होऊन त्यांचें वर्गीकरण होई. यांत मर्म आहे तें रोजकीर्दीचें. ती त्या त्या दिवशींच लिहिली तर खरी. महिन्याच्या शेवटीं आठवून लिहिलेली कीर्द ही कादंबरी होय.

शिवाय त्या कारकुनाला दोन कटकटी होत्या, ज्या आजच्या परदेशस्थास तंतोतंत लागू पडतात. पहिली वर्षाची. शालिवाहन शक चैत्रांत पालटे, सुहूर सन मृग नक्षत्राला म्हणजे जूनच्या आरंभीं, आणि व्यापाऱ्याची वही दिवाळीस. आज हिंदुस्थानचें करवर्ष १ एप्रिलला सुरू होतें, अमेरिकेचें १ जानेवारीस, आणि इंग्लंडचें ६ एप्रिलला! इंग्लंडची ही विलक्षण तारीख १७५२ मध्यें त्यांनीं पंचांग सुधारून अकरा दिवस गाळले, त्या वेळच्या घोटाळ्याचा अवशेष आहे. म्हणून ज्याचें उत्पन्न दोन देशांत आहे, त्याला एकाच कमाईचे दोन ठिकाणीं दोन तुकडे पाडावे लागतात, आणि तारीखवार कीर्द नसेल तर ते पाडतां येत नाहींत.

दुसरी कटकट नाण्यांची. नागपुरी रुपया निराळा, इतर टांकसाळींचे निराळे; एकाचे दुसऱ्यांत करतांना बट्टा बसे, आणि दूरच्या गांवीं पैसा पाठवावयाचा तर हुंडी करून हुंडणावळ भरावी लागे. दिल्लीस पेशव्यांचे वकील असलेल्या हिंगण्यांनाही हुंड्यांवांचून गत्यंतर नव्हतें. जुनी वही पाहिली तर बट्टा आणि हुंडणावळ हीं स्वतंत्र कलमें म्हणून लिहिलेलीं दिसतात. मुद्दलांत तीं मिसळलेलीं नसतात. आज बिल ज्या दिवशीं केलें त्या दिवसाचा डॉलरचा भाव एक, आणि पैसे पोंचले त्या दिवसाचा दुसरा. मधल्या बँकेचें कमिशन आणखी तिसरें. या तिन्ही गोष्टी वेगळ्या लिहून ठेवणारे किती निघतील?

इतकें झाल्यावर मूळ प्रश्न राहतोच: कर द्यावयाचा कोणास? वऱ्हाडांतील शेतकऱ्याला हा प्रश्न चांगलाच परिचयाचा होता. अठराव्या शतकांत तेथें निजाम आणि नागपूरकर भोसले अशा दोघांचे कामगार एकाच गांवांतून वसूल घेत. या व्यवस्थेला दुअंमल म्हणत, आणि १८०३ च्या युद्धापर्यंत ती चालली. एकाच उत्पन्नावर दोन सरकारांचा हक्क, यालाच आज दुहेरी कर म्हणतात.

१९२२ च्या कायद्यांत मुख्य विचार असा होता कीं उत्पन्न कोठें उपजलें व कोठें हातीं आलें. १९३९ च्या दुरुस्तीनें त्यांत एक नवी कसोटी घातली: मनुष्य स्वतः कोठें राहिला. वर्षांतून १८२ दिवस जो येथें राहिला तो येथला रहिवासी, आणि त्याच्या बाहेरच्या मिळकतीचाही हिशेब येथें. तोच १८२ चा आंकडा १९६१ च्या कायद्यांत आला आणि १ एप्रिल २०२६ पासून लागू अशा २०२५ च्या कायद्यांतही ठेवलेला आहे. कमी दिवसांची एक पुरवणी कसोटीही आहे; परंतु नोकरीसाठीं देश सोडणाऱ्या नागरिकाला त्या वर्षीं तिच्यांतून सवलत मिळते. मग जो नोकरीसाठीं नव्हे तर स्वतःच्या धंद्यासाठीं गेला, त्याचें काय? ‘नोकरी’ या शब्दांत स्वतःचा व्यवसायही येतो, असा अर्थ केरळ उच्च न्यायालयानें केला, आणि माझ्या मतें तो न्यायाचाच आहे. शिलेदाराला फौजेबाहेरचा कोण म्हणेल?

दुअंमलाच्या निवारणासाठीं आतां राष्ट्राराष्ट्रांत करार असतात. अमेरिकेशीं आपला करार १९८९ सालीं झाला. वकील, वैद्य, वास्तुशिल्पी, हिशेबनीस, लेखक, कलावंत अशा स्वतंत्र धंदेवाईकांसाठीं त्यांत वेगळें कलम आहे. त्याचा सामान्य आशय असा: अशा मनुष्यानें आपल्या रहिवासाच्या देशांत कर द्यावा, दुसऱ्या देशानें त्यावर हात टाकावयाचा तर तेथें त्याची कायमची बैठक तरी असली पाहिजे, किंवा करवर्षांत त्याचा तेथील मुक्काम एकूण ९० दिवस वा अधिक झालेला असला पाहिजे. आणि हा लाभ आपोआप मिळत नाहीं. ‘हा आमचा रहिवासी’ असा त्या देशाच्या करखात्याचा दाखला दाखवावा लागतो.

येथेंच त्या जुन्या गांवची आठवण होते. पांढरीच्या काळीं मनुष्य गांवांत किती दिवस होता हें शेजारी सांगत. आज तें पारपत्रावरचे शिक्के, घरभाड्याच्या पावत्या, विमानाचीं तिकिटें आणि बिलांची जंत्री सांगते. नोटीस आल्यावर सिद्ध करण्याचा भार ज्याचा त्याच्यावर पडतो. म्हणून हीं कागदपत्रें किती दिवस ठेवावीं हेंही कायदे सांगतात. इंग्लंडांत स्वतंत्र धंदेवाल्यानें विवरणाच्या ३१ जानेवारीच्या मुदतीनंतर निदान पांच वर्षें आपल्या वह्या जपून ठेवावयाच्या असतात.

घरच्या मंडळींनीं एक भेद मात्र ध्यानांत ठेवावा. परदेशांत मिळवून मुलानें येथल्या ‘एनआरई’ खात्यांत पाठविलेल्या पैशाचें व्याज, तो अनिवासी असेपर्यंत, येथें करमुक्त असतें. ‘एनआरओ’ खात्यांत येथलें भाडें, येथलें उत्पन्न जमा होतें, आणि त्याच्या व्याजावर कर पडतो. तो गेल्यावर त्याचें जुनें बचत खातें तसेंच चालू ठेवणें हें नियमाला धरून नाहीं. तें एनआरओ करून घ्यावें लागतें. पुष्कळ घरांत हें काम वर्षानुवर्षें राहून जातें.

फुलचूरचा कोणी आज टोरांटोस असेल, तर त्याच्या प्राप्तीचा कर तेथें, त्याच्या शेताचें उत्पन्न येथें करमुक्त, आणि जुन्या पांढरीवर जें वडिलोपार्जित घर उभें आहे, त्याची घरपट्टी दर वर्षीं येथेंच भरावी लागते.