दिल्लीहून सुटलेली तार

‘तार आली’ एवढं कानावर पडलं, की आमच्या मोहल्ल्यात बायका डोळ्यांना पदर लावूनच दाराशी यायच्या. पाकीट फोडण्याआधीच अम्मीच्या ओठांवर दुआ असायची. तारेचा हा धाक जुना आहे. १८५७ साली त्याची किंमत पलटणींनी मोजली.

१८५४ मध्ये कलकत्ता, आग्रा आणि मुंबई तारेनं जोडली गेली होती. लवकरच ही तार पंजाबातही पोचली. १० मे १८५७ रोजी मेरठला शिपाई उठले आणि दिल्ली-मेरठ तार बंद पडली. दुसऱ्या दिवशी सकाळी दिल्लीच्या तार कचेरीचा प्रमुख टॉड बिघाड शोधायला यमुनेपलीकडे गेला, तो परतलाच नाही. मागे राहिले ब्रेंडिश आणि पिल्किंग्टन हे दोन तरुण सहायक. कचेरी सोडण्याआधी त्यांनी अंबाल्याला कळवलं : मेरठचे शिपाई आलेत, बंगले जळताहेत, आम्ही निघतो.

ही खबर १२ मे रोजी लाहोरला पोचली. दिल्लीपासून लाहोर चारशेहून अधिक किलोमीटर. घोडे बदलत दौडणाऱ्या कासदालाही निदान दोन दिवस लागले असते. लाहोरच्या अंमलदारांनी त्या रात्री ठरलेला नाच रद्द केला नाही. संशय नको! १३ मेच्या सकाळी मियाँमीर छावणीत परेड झाली. तीन पायदळ पलटणी आणि एक घोडदळ पलटण समोर उभी, आणि त्यांच्यावर रोखलेल्या भरलेल्या तोफा. शिपायांनी मुकाट्यानं हत्यारं खाली ठेवली. पंजाब इंग्रजांच्या हाती राहिला. तिथूनच कुमक गेली आणि सप्टेंबरात दिल्ली पडली.

बंडवाल्यांना तारेचं मोल कळलं नव्हतं, असं नाही. त्यांनी मैलोगणती तारा तोडल्या, खांब पाडले. पण तोडणं वेगळं आणि चालवणं वेगळं. चालवायला दोन्ही टोकांना आपली माणसं लागतात.

तारेनं हिंदुस्थान वाचवला, असं इंग्रजांनी १९०२ साली दिल्लीत स्तंभ उभारून त्यावर कोरून ठेवलं. कुणाचा हिंदुस्थान, हे विचारायला तिथं कुणी नव्हतं.

जुलै २०१३ मध्ये आपल्याकडची तारसेवा बंद झाली. तेव्हा मला अम्मीची दुआ आठवली आणि मियाँमीरचे शिपाईही. त्यांच्याबद्दलची तार आदल्याच दिवशी येऊन गेली होती. त्यांना मात्र ती कुणी वाचून दाखवली नव्हती.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)