धुराडें आणि दप्तर : मालवण किनाऱ्यावरील घरांच्या छपराविषयीं

मालवण तालुक्यांतील एका जुन्या कुळकर्णी घराण्याचें दप्तर पाहण्याचा योग प्रस्तुत लेखकास दोन वेळां आला. पहिल्या वेळीं तें स्वयंपाकघरावरील माळ्यावर होतें. रुमालांचें कापड धुरानें काळवंडलेलें, दोऱ्या हात लावतांच तुटणाऱ्या. परंतु आंतील मोडी कागद अक्षर न् अक्षर वाचतां येण्यासारखे. मालवण करवीरकरांच्या अंमलाखालीं असतांनाचे, म्हणजे १८१२ पूर्वींचेही कांहीं कागद त्यांत होते. यजमानांच्या मातुःश्री तेव्हां म्हणाल्या, "चुलीवयलां दप्तर हलवू नकात, थंयच तां बरां रवता." लेखकानें तें मनावर घेतलें नाहीं. धुरांतून काढून हे कागद नव्या बांधलेल्या खोलींत लोखंडी कपाटांत ठेवावे, असा सल्ला त्यानेंच दिला. कपाटांत सात रुमाल मावले, ते हलविण्यांत आले. बाकीचे जागेअभावीं माळ्यावरच राहिले. चार पावसाळ्यांनंतर पुन्हां जाऊन पाहतां कपाटांतील रुमाल बुरशीनें एकमेकांस चिकटलेले व कसरीनें चाळण झालेले आढळले. माळ्यावरचे होते तसे होते.

ही चूक येथें प्रथम नमूद करण्याचें कारण इतकेंच कीं, पुढील सर्व विवेचन तिच्यांतून निघालें आहे. कागद तेच, शाई तीच, घरही तेंच. फरक होता तो डोक्यावरील छपराचा.

छप्पर हें इतिहासाचें साधन होऊं शकतें ही गोष्ट आमच्याकडे फारशी कोणी विचारांत घेतलेली दिसत नाहीं. संशोधक जोत्याची लांबीरुंदी घेतो, तुळयांवरील नक्षी उतरून घेतो, उंबऱ्याखालीं गेलेला शिलालेखही उकरून काढतो. आढ्याकडे मात्र एकदां पाहून मान खालीं घालतो. त्यास कारणही आहे. कोंकणांत भिंत पिढ्यानुपिढ्या टिकते आणि छप्पर दरसाल हातांखालून जातें. वेंगुर्ल्याच्या डच वखारीच्या भिंती पाहून सतराव्या शतकाविषयीं पुष्कळ तर्क करतां येतात. तिच्या मूळ छपराविषयीं करतां येत नाहींत. २५ नोव्हेंबर १६६४ रोजीं कुरटे बेटावर ज्याच्या बांधकामास आरंभ झाला त्या सिंधुदुर्गाचा सुमारें दोन मैलांचा तट आजही समुद्राचा मारा सोशीत उभा आहे. आंतील बहुतेक जुन्या घरांचीं जोतीं तेवढीं राहिलीं. ज्या घरांत माणसें नांदलीं, चुली पेटल्या, कागद लिहिले गेले, त्यांच्यांत हवा कशी खेळत होती हें समजण्यासाठीं आपणांस अद्याप उभ्या असलेल्या घरांकडेच वळावें लागतें.

देशावरील धाब्याच्या घरांत मातीच्या सपाट छतास उजेडासाठीं व धुरासाठीं एक भोंक ठेवीत. त्यास साणें किंवा सवणें म्हणतात. पाऊस आला कीं त्यावर झांकण टाकलें म्हणजे काम झालें. दक्षिण कोंकणांत ही सोय चालत नाहीं. येथें वर्षाकांठीं सुमारें ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो बहुतेक सगळा चार महिन्यांत. झांकण एकदां घातलें तर तें ज्येष्ठापासून भाद्रपदापर्यंत काढण्याची सोय नाहीं, आणि चूल तर रोज दोन वेळां पेटलीच पाहिजे.

या अडचणीवर येथील लोकांनीं जो उपाय शोधला तो असा कीं, एक भोंक न ठेवतां सबंध छप्परच धुराडें करून टाकलें. जुनीं घरें केंबळी, म्हणजे गवतानें शाकारलेलीं असत. गवतांतून धूर आपोआप वर जाई व जातांजातां गवतांतील किडे मारी. पुढें ऐपतीप्रमाणें नळीचीं कौलें आलीं. कुंभार चाकावर निमुळती नळी काढतो व ती ओली असतांनाच उभी चिरून तिचीं दोन कौलें करतो. छपरावर एक ओळ उताणी, तिच्या कडांवर दुसरी पालथी, अशीं तीं बसवितात. हातानें केलेली वस्तु. एक कौल दुसऱ्याशीं तंतोतंत कधींच बसत नाहीं. पाणी उतारानें वाहून जातें, हवेस मात्र हजार वाटा मोकळ्या राहतात. थंडींत पहांटे अशा घराकडे दुरून पाहिलें तर सगळ्या छपरांतून धूर झिरपत असतो, आणि परगांवच्या माणसास घरास आग लागली कीं काय असें वाटतें.

याखेरीज स्वतंत्र धुराडेंही असे. स्वयंपाकघराच्या बरोबर वर, आढ्यापासून हात-दीड हात खालीं, चारदोन कौलें खापरीच्या तुकड्यांवर उचलून बसविलेलीं पुष्कळ घरांत आढळतात. हीं कौलें बहुधा पूर्वेकडील पाख्यावर असतात, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. पावसाळी वारा नैर्ऋत्येकडून येतो. तो पश्चिमेच्या पाख्यावर आदळून आढें ओलांडतो तेव्हां पूर्वेच्या अंगास हवेचा दाब कमी होतो व आंतील धूर त्या बाजूस ओढला जातो. तोंड पश्चिमेस असतें तर धूर बाहेर जाण्याऐवजीं झड आंत आली असती. दुसरी खूण चुलीजवळ, जमिनीपासून हात-सव्वा हातावर सांपडते. तेथें भिंतींत एक वीतभर झरोका असतो. खालून थंड हवा आल्याखेरीज वरून गरम हवा जात नाहीं; हा झरोका बुजविलेल्या घरांत वरचें धुराडें कितीही मोठें केलें तरी धूर माजघरांत फिरतो. या कामास कोणतें लेखी मोजमाप नसे. मे महिन्यांत शाकारणीस आलेला गडी वाऱ्याचा अंदाज घेऊन कौलें उचली, आणि त्याचा अंदाज चुकला तर घरांतील बायका आषाढांत त्याचें नांव घेत.

याच अरबी समुद्राच्या उत्तरेस सिंधमध्यें अगदीं उलट रीत होती. ठठ्ठा व हैदराबाद येथील घरांच्या गच्च्यांवर मंघ नांवाचीं, तिरप्या झांकणाचीं वातायनें असत, आणि त्या सर्वांचीं तोंडें नैर्ऋत्येकडे. हैदराबादच्या जुन्या छायाचित्रांत सारें शहर एका दिशेस चोंच करून बसलेल्या पांखरांच्या थव्यासारखें दिसतें. वारा तोच, पण सिंधमध्यें त्याच्याबरोबर पाऊस जवळजवळ येत नाहीं, म्हणून तो छपरांतून घरांत बोलावीत. मालवणास त्याच्याकडे पाठ करून, त्याच्याच ओढीनें घरांतील धूर बाहेर काढीत.

आतां कागदोपत्रीं पुराव्याकडे वळूं. घराच्या धुराड्याविषयीं कोणी सनद लिहून ठेवीत नाहीं. तथापि दमटपणा आणि हवा यांचा विचार राज्यकर्त्यांच्या लेखणींतूनही सुटलेला नव्हता. रामचंद्रपंत अमात्यांचें आज्ञापत्र (१७१५) वाचकांच्या परिचयाचें आहेच. अमात्यांच्या घराण्याचें ठाणें बावडा, म्हणजे याच किनाऱ्याच्या माथ्यावरील घाटांत. त्या ग्रंथांतील दुर्गप्रकरणांत दारूखान्याविषयीं जी ताकीद आहे ती आमच्या विषयास फार जवळची आहे. दारूखाना राहत्या घरांच्या जवळ किंवा त्यांच्या वाऱ्याखालीं नसावा, आणि आठपंधरा दिवसांनीं हवालदारानें स्वतः येऊन दारू व बाण बाहेर काढावे, त्यांस ऊन द्यावें व पुन्हां मोहोर करून ठेवावे, असा तिचा आशय आहे. दारू आणि कागद यांचा शत्रु एकच, ओल. बंद जागा कितीही मजबूत असली तरी ठरल्या मुदतीनें ती उघडलीच पाहिजे, हें अमात्यांस ठाऊक होतें. प्रस्तुत लेखकानें तें प्रकरण अनेकदां वाचलें होतें, आणि तरीही लोखंडी कपाटाची किल्ली यजमानांच्या हातीं देऊन तो निघून आला.

एकोणिसाव्या शतकांत दोन दिशांनीं बदल आला. एक सरकारी इमारतींतून. हिंदुस्थानांतील गोऱ्या फौजेच्या आरोग्यासंबंधीं नेमलेल्या रॉयल कमिशनचा अहवाल १८६३ सालीं बाहेर पडला. बराकींतील कोंडलेली हवा हा त्यांतील एक मोठा विषय होता. सरकारी बांधणींत उंच छत, दारांवरचे झरोके व आढ्याशीं ठेवलेली हवेची वाट यांचा जो प्रघात दिसतो त्यामागें हा काळ आहे. व्हेंटिलेटर हा शब्द मराठींत रूढ झाला तो अशाच कचेऱ्या व शाळा पाहून. दुसरा बदल समुद्रमार्गें आला. एकमेकांत अडकणाऱ्या कौलांची युक्ति आल्सास प्रांतांतील जिलार्दोनी बंधूंची, १८४१ ची. त्या धर्तीचीं कौलें बाझल मिशनच्या जॉर्ज प्लेब्स्ट यानें १८६५ सालीं मंगळूर येथें कारखाना काढून काढण्यास आरंभ केला. नेत्रावती नदीच्या कांठची माती त्यास अनुकूल पडली. तेथून तीं गलबतांनीं किनाऱ्याकिनाऱ्यानें उत्तरेकडे येत.

मंगळुरी कौल हलकें, एकसारखें व चांगलें बसणारें. चांगलें बसतें म्हणूनच त्याच्या छपरांत नळीच्या कौलाइतकी हवा खेळत नाहीं. ही उणीव भरून काढण्यासाठीं हवेसाठीं तोंड ठेवलेलीं कौलें व उजेडासाठीं काचेचीं कौलें वेगळीं होऊं लागलीं. म्हणजे जें काम पूर्वीं सगळें छप्पर करीत होतें तें आतां दोनचार कौलांवर सोंपविलें गेलें. कालनिर्णयाच्या दृष्टीनें याचा उपयोग होतो. मात्र एक सावधगिरी हवी. बाझल मिशनच्या पुष्कळ कौलांवर १८६५ हा आंकडा उठविलेला असतो. तो कारखाना निघाल्याचें साल आहे, कौल भाजल्याचें नव्हे. तेवढ्या आंकड्यावरून घर १८६५ चें ठरविणें चुकीचें होय, आणि अशी चूक होतांना लेखकानें पाहिली आहे. पहिल्या महायुद्धांत ते कारखाने मिशनच्या हातून गेले व पुढें कॉमनवेल्थ ट्रस्टकडे आले. म्हणून कॉमनवेल्थ हें नांव असलेलें कौल महायुद्धापूर्वींचें असूं शकत नाहीं. जुन्या घरांत बहुधा ओटीवर मंगळुरी आणि मागील स्वयंपाकघरावर नळीचीं असा मेळ आढळतो. पाहुण्यास दिसतें तें आधीं बदललें, एवढाच याचा अर्थ नाहीं. चुलीवरील छपरास फटींची गरज होती हेंही त्यांत आहे.

यापुढचा बदल आमच्या डोळ्यांदेखत झाला. सिमेंटचा स्लॅब आला, त्यावर गळती थांबविण्यासाठीं पत्रा आला. चुलीच्या जागीं गॅस आला. यांत वाईट कांहीं नाहीं. धुरानें ज्या बायकांचे डोळे व छाती पिढ्यानुपिढ्या खराब झालीं त्यांच्यापुढें कागदांचा कैवार घेणें लेखकास शोभणार नाहीं. परंतु कागदावर काय परिणाम झाला तो सांगितलाच पाहिजे. हवेंतील सापेक्ष आर्द्रता शेंकडा ६५ ते ७० च्या वर टिकून राहिली कीं कागदावर बुरशी धरते, आणि मालवणास पावसाळाभर ती याच्या वरच असते. जुन्या माळ्यावर चुलीची ऊब रोज ही ओल कमी करी, धुरांतील द्रव्यें बुरशी व कसर यांस अटकाव करीत आणि कौलांच्या फटी हवा बदलीत. धूर निर्दोष होता असें मुळींच नाहीं. त्यानें कागद पिवळा व ठिसूळ होतो. घडीवरचा मजकूर सर्वांत आधीं जातो. काजळीची शाई मात्र धुरास डगमगत नाहीं, कारण ती स्वतःच काजळी आहे. ठिसूळ कागद जपून उलगडतां येतो. बुरशीनें गोळा झालेला कागद उलगडतांना लगदा होतो.

म्हणून दप्तर पाहावयास जाणाऱ्यांस एक विनंति. रुमाल कोणत्या खोलींत, जमिनीपासून किती उंचीवर, कशा छपराखालीं व चुलीपासून किती अंतरावर होता हें तो सोडण्यापूर्वीं टिपून घ्यावें. शक्य तर धुराड्याची दिशाही लिहावी. हें टिपण नसल्यामुळें एकाच घराण्याच्या दोन रुमालांपैकीं एक चांगला व एक नासका कां, याचें उत्तर मागाहून देतां येत नाहीं, आणि नासका तो जुना असा खोटा समज मात्र होतो. माळ्यावर कमी धूर लागलेले कागद कधींकधीं मागाहून तेथें ठेवलेले असतात. रुमालाच्या बाहेरील काजळीच्या थरांवरूनही ठेवणीचा क्रम लागूं शकतो. आणि ज्या घरांतून चूल गेली आहे तेथील दप्तर माळ्यावर राहूं देणें हाही उपाय नव्हे. ऊब नाहीं, फटींतून ओल मात्र येते. अशा कागदांची छायाचित्रें पहिल्या भेटींतच घ्यावीं.

वर सांगितलेल्या घरीं यंदा शाकारणीच्या वेळीं यजमानांनीं स्वयंपाकघरावरील पूर्वेची कौलें पुन्हां उचलून घेतलीं. चूल आतां पेज व भाकरी यांपुरती पेटते. माळ्यावरील रुमालांची छायाचित्रें घेऊन झालीं आहेत. कपाटांतील सातांपैकीं तीन रुमालांचे कागद सुटे करतां आले. उरलेले चार तसेच बांधून ठेविले आहेत.