झडती : एका हिशेबी शब्दाची कुळकथा

मराठेशाहीच्या जमाखर्ची दप्तरांत 'झडती' हा शब्द महसुलाच्या कारकुनांचा होता. वर्ष सरल्यावर महालाची जमा किती झाली, खर्च कोणकोणत्या बाबींवर पडला आणि शिल्लक काय राहिली, याचा जो अखेरचा तपशीलवार हिशेब वरिष्ठांकडे रुजू होई, त्याला झडती म्हणत. 'झाडा' हा तिचाच सख्खा भाऊ असून 'झाडा देणे' म्हणजे जाब देणे हा अर्थ आजही जिवंत आहे. दोन्ही शब्दांच्या मुळाशी 'झाडणे' आहे : पोते उलटे करून दाणा न दाणा खाली पडेपर्यंत झाडावे, तसे कागद झाडून काहीही आत राहू न देणे. या पहिल्या अर्थात एक गोष्ट फार महत्त्वाची होती, आणि ती म्हणजे हिशेब देणारा हा अधिकारी असे. ज्याच्या हाती सत्ता सोपवली, त्याच्याकडून झडती मागितली जाई.

याच शब्दाला पुढे अंगझडतीचा आणि घरझडतीचा अर्थ चिकटला, तेव्हा शब्द तोच राहिला तरी त्याची दिशा उलटली. आता झाडले जाणारे पोते घरातल्या माणसाचे होते आणि झाडणारा हात अंमलदाराचा होता. झडतीच्या कायद्याचा पुढचा सारा इतिहास म्हणजे ही दिशा थोडी तरी परत फिरवण्याची, म्हणजे झडती घेणाऱ्यालाही कोणापुढे तरी झाडा द्यायला लावण्याची धडपड आहे, असे म्हणावे लागते. आणि ती धडपड कोठे अपुरी पडली हे पाहण्यासाठी शहापूर आणि मुरबाड हे ठाणे जिल्ह्याचे दोन डोंगरी तालुके फार उपयोगी ठरतात.

माहुली किल्ल्याच्या पायथ्याचा शहापूर हा जुन्या कोळवणाचा भाग, तर मुरबाड हा नाणेघाट, माळशेज आणि सिद्धगड यांच्या कुशीतला. महादेव कोळी, ठाकूर, वारली आणि कातकरी हे येथील डोंगरपट्ट्यातले जुने रहिवासी होत. कारवीच्या कुडाला शेणमातीचा गिलावा देऊन उभारलेल्या त्यांच्या घरांत चोरीला जावे असे फारसे काही नसे, आणि राजद्रोहाची कागदपत्रे तर नसतच. मग सरकारी माणूस या घरांत शिरला कशासाठी? या प्रश्नाचे उत्तर मोहाच्या फुलात आहे.

चैत्राच्या सुमारास पहाटे मोहाखाली फुलांचा सडा पडतो. तो वेचून, अंगणात वाळवून, टोपल्या-कणग्यांत भरून ठेवला की पावसाळ्यात धान्य सरल्यावर तीच फुले उकडून खाता येतात. गुरांनाही ती चालतात आणि बियांचे तेल निघते. त्याच वाळल्या फुलांची दारूही होते. सरकारच्या दृष्टीने हा शेवटचा उपयोग तेवढा खरा ठरला, कारण मद्यावरचा कर हे मुंबई इलाख्याच्या उत्पन्नाचे मोठे साधन होते. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने (अबकारी म्हणजे मादक पदार्थांची निर्मिती आणि विक्री यांवरचा कर) गावोगावचे गाळप बंद करून ते परवानाधारक मक्तेदारांकडे आणि मोठ्या कारखान्यांकडे वळवण्याचे धोरण पक्के केले. उरणच्या भट्ट्यांसाठी बाहेरून मोहाची फुले आणली जात, आणि शहापूरच्या रानात झाडाखाली पडलेले फूल मात्र संशयास्पद ठरे. घरगुती भट्टी पकडणे रानावनात अवघड असल्याने कायद्याने एक पाऊल मागे जाऊन कच्च्या मालालाच हात घातला : १८९२ च्या मुंबई मोह कायद्याने ठाणे आणि कुलाबा या जिल्ह्यांत परवान्याशिवाय मोहाची फुले बाळगण्यावरच बंधने आणली.

या एका कलमाचा घरावर काय परिणाम होतो, हे नीट समजून घेतले पाहिजे. दारू गाळणे हा गुन्हा असतो तेव्हा अंमलदाराला भट्टी, मडके, धूर, वास असे काहीतरी शोधावे लागते आणि ते बहुधा ओढ्याकाठी सापडते. परंतु वस्तू जवळ असणे हाच गुन्हा झाला आणि ती वस्तू खाण्याचीही असली, की शोधाची जागा स्वयंपाकघर होते. खाण्यासाठी ठेवलेले फूल आणि गाळण्यासाठी ठेवलेले फूल यांत डोळ्यांना दिसणारा काही फरक नसतो, म्हणून प्रत्येक कणगी संशयित ठरते. मुरबाडच्या इतिहासात पोलीस म्हटले की लोकांना सिद्धगड आठवतो, जेथे २ जानेवारी १९४३ रोजी स्वातंत्र्यसैनिक भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना वीरमरण आले. ते स्मरण योग्यच आहे. तथापि त्या तालुक्यात सरकारी अंमलदाराला घरात शिरण्याचे निमित्त त्याआधी पन्नास वर्षे मिळाले होते, आणि त्याचा राजकारणाशी काहीही संबंध नव्हता.

अबकारी आणि घराचा उंबरठा यांचे हे वैर केवळ येथलेच नव्हे. इंग्लंडमध्ये १७६३ साली सफरचंदाच्या दारूवर, म्हणजे सायडरवर, कर बसवून अबकारी अंमलदारांना खाजगी घरांत तपासणीचा अधिकार दिला गेला, तेव्हा विल्यम पिट याने केलेला युक्तिवाद प्रसिद्ध आहे : गरिबाची झोपडी मोडकी असेल, तिच्यात वारा शिरेल, पाऊस शिरेल, पण राजाला शिरता येणार नाही, असा त्याचा आशय होता. तो कर लोकक्षोभामुळे १७६६ मध्ये मागे घ्यावा लागला. त्याच सुमारास, १७६५ मध्ये, एंटिक विरुद्ध कॅरिंग्टन या खटल्यात मंत्र्याच्या मोघम हुकमावर घर धुंडाळणे बेकायदा ठरले आणि अमेरिकेने १७९१ मध्ये हेच तत्त्व आपल्या राज्यघटनेच्या चौथ्या दुरुस्तीत घातले. ज्या देशाने आपल्या सायडरवाल्यांसाठी हे तत्त्व मान्य केले, त्याच्याच अंमलाखाली सव्वाशे वर्षांनी कोळवणातल्या झोपडीला मात्र ते लागू पडले नाही.

कायद्याने संरक्षण दिलेच नाही असे मात्र नाही. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत दोन कलमे होती, ज्यांच्यावर आजचीही व्यवस्था उभी आहे. कलम १६५ प्रमाणे तपास करणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याला वॉरंटाशिवाय, म्हणजे दंडाधिकाऱ्याच्या लेखी हुकमाशिवाय, झडती घेता येई. मात्र तपासाला आवश्यक अशी वस्तू तेथे असल्याचे मानण्यास सबळ कारण त्याच्याजवळ असले पाहिजे आणि ती दुसऱ्या मार्गाने नाहक विलंबाशिवाय मिळणार नाही अशी परिस्थिती असली पाहिजे. कलम १०३ प्रमाणे झडतीपूर्वी त्याच वस्तीतील दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवाशांना साक्षीला बोलावणे, त्यांच्यासमक्ष शोध घेणे, सापडलेल्या वस्तूंची यादी करून त्यांच्या सह्या घेणे आणि घरात राहणाऱ्यास हजर राहू देऊन यादीची प्रत देणे बंधनकारक होते.

या यादीला मराठी मुलखाने जे नाव दिले ते संहितेच्या पानावर नाही. 'पंचनामा' हा शब्द संस्कृत 'पंच' आणि फारसी 'नामा', म्हणजे लेख, यांचा जोड आहे. गावात पाच जाणती माणसे बसून वतनाचा, शिवेचा वा जातीचा तंटा निवाडत, ते पंच. ईस्ट इंडिया कंपनीचे राज्य आल्यावर माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टनने दिवाणी तंट्यांसाठी काही काळ तीच पंचायत चालू ठेवण्याचा प्रयत्न केला. संहितेला पाच माणसांची गरज नव्हती, दोन पुरत. तरी नाव पंचांचेच राहिले. नावाबरोबर गावकऱ्यांच्या मनातली प्रतिष्ठाही आली, परंतु अधिकार आला नाही. जुना पंच निवाडा करी. नवा पंच सही करतो. पोलीस पाटलाने हाक मारून आणलेला मजूर, ज्याला कागद वाचता येत नाही आणि ज्याला उद्या त्याच अंमलदाराच्या हद्दीत राहायचे आहे, तो झडती घेणाऱ्याला जाब विचारील अशी अपेक्षा करणे त्याच्यावर अन्याय करणारे आहे. १९७३ च्या संहितेने कलम १०० मध्ये 'प्रतिष्ठित' या विशेषणाच्या जोडीला 'स्वतंत्र' हे विशेषण घातले, ही दुरुस्ती मोलाची होती. पण त्याच वाक्यात, वस्तीतला कोणी मिळाला नाही वा तयार झाला नाही तर दुसऱ्या वस्तीतला चालेल, अशी वाटही करून ठेवली.

स्वातंत्र्यानंतर मद्यावरचे धोरण बदलले, झडती बदलली नाही. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने १८७८ चा अबकारी कायदा रद्द केला, पण मोहाचे फूल नव्या कायद्यातही नियंत्रित वस्तू म्हणून टिकून राहिले. पूर्वी महसुलासाठी उघडली जाणारी कणगी आता नीतीसाठी उघडली जाऊ लागली. जंगल खात्याचे अधिकार वेगळेच : १९२७ च्या भारतीय वन कायद्याच्या कलम ७२ नुसार राज्य सरकार वनाधिकाऱ्यालाच झडतीचे वॉरंट काढण्याचा अधिकार देऊ शकते, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ५० मध्ये वॉरंटाशिवाय झडतीची तरतूद आहे. वॉरंटाचा सारा अर्थ असा की शोध घेणारा आणि परवानगी देणारा हे दोघे वेगळे असावेत. ते एकाच खात्यातले झाले की कागद उरतो आणि त्याचे कारण नाहीसे होते.

राज्यघटनेत ही उणीव भरून निघण्याची संधी आली होती. डिसेंबर १९४८ मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाडचे सदस्य काझी सय्यद करीमुद्दीन यांनी अवाजवी झडती आणि जप्तीविरुद्ध हमी देणारी दुरुस्ती संविधान सभेत मांडली, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, ही तत्त्वे फौजदारी संहितेत आहेतच, पण कायदेमंडळाला ती सहज बदलता येऊ नयेत म्हणून घटनेत असणे उपयुक्त ठरेल, अशी भूमिका घेऊन तिला संमती दर्शवली. तरीही सभेने ती स्वीकारली नाही. याच उणिवेवर बोट ठेवून १९५४ मध्ये एम. पी. शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या आठ न्यायाधीशांनी अमेरिकेसारखे संरक्षण येथे वाचता येणार नाही असे ठरवले. १९६२ च्या खरक सिंग निकालाने पोलिसांच्या रात्रीच्या घरभेटी तेवढ्या घटनाबाह्य ठरवल्या.

ठाणे जिल्ह्यातल्याच एका प्रकरणाने या प्रश्नाचे खरे रूप दाखवले. १९६५ साली भिवंडीत एक पोलीस निरीक्षक रात्री एका स्त्रीच्या झोपडीत शिरला. त्याने बळजबरीचा प्रयत्न केल्याची तिची तक्रार होती, तर दारूबंदीच्या छाप्यासाठी गेलो होतो हा त्याचा बचाव होता. खात्याने त्याला बडतर्फ केले. तिच्या चारित्र्याकडे बोट दाखवून उच्च न्यायालयाने ती शिक्षा टिकू दिली नाही, तेव्हा १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्याचे अपील मान्य करून असे ठरवले की कोणत्याही चारित्र्याच्या स्त्रीला खाजगीपणाचा अधिकार आहे आणि वाटेल तेव्हा तो मोडण्याची मुभा कोणालाही नाही. दारूची झडती हा बचाव तेथे पुढे येऊ शकला, यातच या अधिकाराचा धोका स्पष्ट होतो. पुढे २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे एकमुखाने सांगितले आणि एम. पी. शर्मा व खरक सिंग या निकालांतील विरुद्ध मते रद्द ठरवली. मात्र १९७३ चा पूरणमल निकाल, ज्यानुसार झडती बेकायदा असली तरी तिच्यात मिळालेला पुरावा केवळ तेवढ्या कारणाने बाद होत नाही, अजून उभाच आहे. नियम मोडणाऱ्याला त्यामुळे खटल्यात काही गमवावे लागत नाही.

मोहफुलांच्या संकलन, साठवण आणि वाहतुकीवरचे निर्बंध राज्य सरकारने २०२१ मध्ये शिथिल केले. त्याआधी २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर वननिवासींचा मालकीहक्क मान्य केलाच होता. म्हणजे १८९२ मध्ये गुन्हा ठरलेली कणगी पुन्हा कणगी होण्यास सव्वाशेहून अधिक वर्षे लागली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने कलम १०५ अन्वये झडतीचे ध्वनिचित्रमुद्रण आवश्यक केले आहे. कलम १८५ प्रमाणे वॉरंटाशिवाय झडती घेणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याने आपली कारणे आधी लिहून ठेवली पाहिजेत, त्या नोंदीची प्रत अठ्ठेचाळीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्याकडे धाडली पाहिजे, आणि घरात राहणाऱ्याने अर्ज केला तर तीच प्रत त्याला विनामूल्य मिळाली पाहिजे. अधिकाऱ्याने द्यायची ती जुनी झडती कायद्यात आज उरली आहे ती येथे. शहापूर आणि मुरबाडच्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर हे कलम सोप्या मराठीत लागावे, आणि ज्याच्या घराची झडती झाली त्याने ती प्रत मागितल्याशिवाय राहू नये.