गोणपाटावरच्या चिंध्या

दिवाळीच्या आधी माळा आवरायला काढला आणि सगळ्यात मागे आईचं चिंध्यांचं गाठोडं सापडलं. आजीच्या लुगड्याचे काठ, शिंप्याकडून मागून आणलेल्या ब्लाउजपीसच्या पट्ट्या, माझ्या शाळेच्या युनिफॉर्मचा निळा तुकडा, कुठल्याशा पडद्याची फुलं. आई यातून गोधड्या शिवायची. माझ्यात तेवढी चिकाटी नाही (ताई, हसू नकोस). म्हणून म्हटलं, वहीच्या पानाएवढ्या कॅनव्हासवर छोटी छोटी चित्रं शिवू. एक घर झालं, दोन झाडं झाली, एक गाय झाली जी सगळ्यांना कुत्रा वाटते. मग आकाशासाठी निळं कापड शोधताना गाठोड्याच्या तळाशी बाबांचा शर्ट हाताला लागला. आकाशी, बारीक चौकडीचा. अगदी हवा तसा रंग. कात्री उघडली, आणि तशीच बसून राहिले. काही केल्या कापवेना.

त्या रात्री, असलं काम आणखी कोण कोण करतं ते वाचत बसले होते. वाचता वाचता पार दक्षिण अमेरिकेत, चिलीमध्ये जाऊन पोहोचले आणि गेले तीन आठवडे तिथेच आहे. तिथल्या बायकांनी हेच काम केलं होतं. त्यांच्यातल्या काही जणींसमोर घरातल्या माणसाचा शर्ट होता, आणि त्यांनी तो कापला होता.

त्या चित्रांना आर्पियेरा म्हणतात. स्पॅनिशमध्ये या शब्दाचा अर्थ साधा सरळ गोणपाट. धान्याची, पिठाची रिकामी पोती धुऊन, उसवून त्यांचे तुकडे करायचे आणि त्यावर चिंध्या शिवून चित्र करायचं. आपण तरट म्हणतो आणि पायपुसणं करतो, तेच.

गोणपाटावर सुईने चित्र काढायची चाल तिथे आधीपासून थोडीफार होती. व्हिओलेता पार्रा ही चिलीची मोठी लोकगायिका, खेडोपाडी फिरून लोकगीतं गोळा करणारी. पन्नाशीच्या दशकाच्या शेवटी ती आजारी पडली, अंथरुणावरून उठायची बंदी झाली, तेव्हा हाताला काम म्हणून तिने गोणपाटावर लोकरीने भरायला घेतलं. १९६४ मध्ये त्या भरतकामांचं प्रदर्शन पॅरिसला, लूव्रच्या इमारतीतल्या सजावटी कलांच्या संग्रहालयात भरलं. इस्ला नेग्रा या समुद्रकाठच्या गावात (नेरुदाचं घर आहे ते) कोळ्यांच्या बायकाही साठच्या दशकात लोकरीने भरलेली चित्रं करू लागल्या होत्या. पण ते सगळं लोकरीचं भरतकाम, आणि मजकूर पुष्कळदा सुखाचा. समुद्र, शेतं, लग्नं, गाणी.

चिंध्या आल्या त्या १९७३ नंतर.

११ सप्टेंबर १९७३ ला चिलीच्या लष्कराने निवडून आलेल्या साल्वादोर आयेंदेंचं सरकार उलथवलं. जनरल पिनोशे सत्तेवर आले ते १९९० पर्यंत राहिले. त्या काळात तीन हजारांहून जास्त माणसं मारली गेली किंवा नाहीशी झाली. 'नाहीशी झाली' हा शब्द आपल्याकडे सहज वापरतात, तिथे तो गुन्ह्याचा प्रकार आहे. माणसाला घरातून, रस्त्यावरून उचलायचं आणि मग असा माणूस आमच्याकडे नाहीच म्हणायचं. बायका पोलीस चौकी, तुरुंग, इस्पितळ, शवागार असं रोज फिरत. हेबिअस कॉर्पसचे अर्ज हजारोंनी दाखल झाले, आणि न्यायालयांनी जवळजवळ सगळे फेटाळले.

या बायकांना जायला एकच जागा होती. कॅथलिक, प्रोटेस्टंट आणि ज्यू धर्मगुरूंनी मिळून १९७३ च्या ऑक्टोबरातच एक मदत समिती काढली होती. १९७५ च्या शेवटी पिनोशेंच्या दबावाखाली ती बंद करावी लागली. तेव्हा सांतियागोचे कार्डिनल राऊल सिल्वा एन्रिकेस यांनी १ जानेवारी १९७६ पासून थेट चर्चच्याच छत्राखाली नवी संस्था सुरू केली, विकारिया दे ला सोलिदारिदाद. चर्चचंच अंग असल्यामुळे ती मोडणं सरकारला सोपं नव्हतं. तिथे वकील होते, डॉक्टर होते, आणि शिवणकामाच्या कार्यशाळाही होत्या.

या कार्यशाळा १९७४-७५ पासूनच्या. वालेंतिना बोन नावाच्या कलाकार बाईंनी पहिल्या गटांना शिकवलं. बायका रोज येऊन नुसत्या बसत, हातात काही नाही, घरात पैसा नाही. लोकर विकत घ्यावी लागते, चिंध्या घरात असतातच. वर अँडीज पर्वताची रांग, बहुतेक वेळा सूर्य, खाली घरं आणि माणसं. माणसं म्हणजे बोटभर बाहुल्या, डोकं कापसाने किंवा चिंध्यांनी भरलेलं, केस लोकरीचे. तुकडे काजटाक्याने किंवा साध्या धावदोऱ्याने जोडायचे आणि कडेने लोकरीची किनार. लांबून पाहिलं तर अगदी बालवाडीच्या भिंतीवर लावावं असं चित्र. जवळ गेलं की दिसतं, की त्या बाहुल्या रांगेत उभ्या आहेत त्या सामुदायिक स्वयंपाकाच्या एका पातेल्यासमोर. ती दोन हिरव्या पोशाखातली माणसं तिसऱ्याला गाडीत कोंबताहेत. त्या बायकांनी स्वतःला संसदेच्या जुन्या इमारतीच्या कुंपणाला साखळीने बांधून घेतलंय (हे १९७९ च्या एप्रिलमध्ये खरंच घडलं होतं). आणि एक प्रश्न, दोऱ्याने शिवलेला: ते कुठे आहेत?

माझ्या मनातून जात नाही ती गोष्ट १९७५ च्या जुलैची. अर्जेंटिना आणि ब्राझीलमधल्या दोन प्रकाशनांत मिळून ११९ चिलीयन लोकांची नावं छापून आली. हे सगळे डावे, देश सोडून पळाले आणि आपापसातल्या मारामारीत मेले, असं त्यात लिहिलेलं. चिलीतल्या वर्तमानपत्रांनी लगेच ते मोठ्या मथळ्यांनी उचललं. ती ११९ माणसं म्हणजे ज्यांना त्यांच्या घरच्यांदेखत, शेजाऱ्यांदेखत उचललं होतं तीच. आणि अर्जेंटिनातल्या त्या मासिकाचा त्याच्या आधी किंवा नंतर एकही अंक निघाला नाही! गुप्त पोलिसांनी रचलेला डाव होता तो.

म्हणजे कागद खोटं बोलत होता. न्यायालयाचा कागद, सरकारचा कागद, छापील कागद, सगळेच. अशा वेळी आईकडे काय उरतं? ओळखपत्राचा एखादा फोटो आणि कपाटातले कपडे. ज्याला सरकार 'असा कुणी नव्हताच' म्हणतंय त्याचा शर्ट, त्याची पँट. काही जणींनी ते कपडे कापले आणि चित्रातल्या बाहुलीला घातले. खऱ्या शर्टाचा बाहुलीएवढा शर्ट.

मी यावर बराच विचार केला. ज्याची वाट बघायची आहे त्याचा शर्ट धुऊन, इस्त्री करून ठेवायला हवा ना? तो उद्या आला तर काय घालेल? कापला म्हणजे तो येणार नाही हे मान्य केलं का? की उलट, हा होता, हे त्याचं कापड, असं कुठेतरी नोंदवायचं होतं? त्या बायकांपैकी कुणी एक उत्तर दिलं असेल असं मला वाटत नाही. बाबांचं आणि त्यांचं काही एक नाही, हे मला कळतं. बाबा घरात, आमच्यासमोर गेले, दहावा-तेरावा सगळं यथासांग झालं. कात्रीपाशी हात थांबतो एवढंच काय ते सारखं.

इर्मा म्युलर ही त्या कार्यशाळांतली एक आई. तिचा मुलगा होर्हे म्युलर सिनेमाचा कॅमेरामन होता. पात्रिसियो गुझमानच्या 'चिलीची लढाई' या प्रसिद्ध माहितीपटाचं छायाचित्रण त्याचं. २९ नोव्हेंबर १९७४ ला त्याला आणि त्याची मैत्रीण, अभिनेत्री कार्मेन ब्युएनो हिला सांतियागोच्या रस्त्यावरून उचललं. दोघंही परत आले नाहीत. चिलीमध्ये आता २९ नोव्हेंबर हा सिनेमाचा दिवस म्हणून पाळतात. मुलाने कॅमेऱ्याने देश टिपला आणि आई गोणपाटावर चिंध्या शिवत राहिली. कार्मेन आणि होर्हे कुठे आहेत ते अजून कुणी सांगितलेलं नाही.

पण एक सांगायला हवं. या विषयावर लिहिणारे बरेच जण सगळ्या आर्पियेरा म्हणजे आयांचे अश्रू असं करून टाकतात, ते काही खरं नाही. शिवणाऱ्या बायकांतल्या पुष्कळ जणी सांतियागोच्या कडेच्या गरीब वस्त्यांतल्या होत्या. त्यांच्या घरचं कुणी नाहीसं झालेलं नव्हतं, नवऱ्याची नोकरी मात्र गेली होती. १९७५ च्या मंदीत आणि मग १९८२ नंतर तर फारच. त्या पैशासाठी शिवत होत्या. विकारिया चित्रं विकत घेई, आणि त्या पैशातून घरी तेल, पाव, मुलांचे बूट येत. कुणी किती करायची हे गटात ठरलेलं असे, म्हणजे काम सगळ्यांच्या वाट्याला यावं. टाके नीट नसले तर मैत्रिणीच परत पाठवत. घराबाहेर पडायची सवय नसलेल्या बायका आठवड्यातून एकदा बैठकीला जाऊ लागल्या, आणि बेकार घरी बसलेल्या नवऱ्यांना ते फारसं रुचलं नाही. (हा भाग वाचताना मला चिली अजिबात लांब वाटलं नाही.) पैशासाठी केलं म्हणून साक्ष कमी खरी होते का? मला नाही वाटत. पातेल्यासमोरची रांग त्यांनी स्वतः उभं राहून पाहिलेली होती.

देशात ही चित्रं उघड विकणं शक्य नव्हतं. चर्चच्या ओळखीपाळखीने आणि परदेशात पळून गेलेल्या चिलीयन लोकांमार्फत ती युरोप, अमेरिका, कॅनडात जात. सुरुवातीला कस्टमवाल्यांनी फारसं लक्ष दिलं नाही. बायकांनी चिंध्यांची चित्रं शिवलीत, रंगीबेरंगी, त्यात काय बघायचं! पुरुषांनी तोच मजकूर छापून पाठवला असता तर पहिल्याच गठ्ठ्याला पकडले गेले असते. पुढे मात्र सरकारला कळलं. पार्सलं पकडली गेली, सरकारच्या बाजूच्या वर्तमानपत्रांनी या चित्रांना देशाची बदनामी म्हटलं. नाव कुणी घालत नसे, ते धोक्याचं होतं. पण कित्येक चित्रांच्या मागच्या बाजूला एक छोटा कापडी खिसा शिवलेला असे आणि त्यात हाताने लिहिलेली चिठ्ठी. चित्रात काय दाखवलंय ते दोन-चार ओळींत. विकत घेणाऱ्याने खिशात बोट घातलं तर चिठ्ठी मिळायची.

१९७८ च्या नोव्हेंबरात लोंकेन गावच्या बंद पडलेल्या चुन्याच्या भट्ट्यांमध्ये पंधरा जणांचे अवशेष सापडले. १९७३ च्या ऑक्टोबरात इस्ला दे माइपोमधून नेलेले, बहुतेक शेतमजूर. नाहीसे झालेले सापडण्याची ती पहिली मोठी घटना. आतापर्यंत 'कुठे आहेत' असं शिवणाऱ्या बायकांना कळलं की उत्तर कसलं असू शकतं. त्या भट्ट्याही मग चित्रांत आल्या. वरती अँडीज आणि सूर्य मात्र तसेच.

१९८८ च्या सार्वमतात लोकांनी पिनोशेंना 'नाही' म्हटलं, १९९० मध्ये ते पायउतार झाले, १९९२ मध्ये विकारियाचं काम संपलं. लोकशाही आली आणि आर्पियेरांचं गिऱ्हाईक आटलं, कारण परदेशातला गिऱ्हाईक चिलीच्या दुःखासाठी घेत होता. बाजाराची, सुगीची, गोडगोड चित्रं पर्यटकांसाठी राहिली. काही जणी मात्र जुनेच विषय शिवत राहिल्या. २०१० मध्ये सांतियागोला स्मृती आणि मानवी हक्कांचं संग्रहालय उघडलं, तिथे आता या चित्रांचा मोठा संग्रह आहे. रॉबर्टा बासिक या मूळच्या चिलीच्या बाईंनी उत्तर आयर्लंडमध्ये, डेरीला, २००८ मध्ये त्यांचं प्रदर्शन भरवलं, आणि तेव्हापासून कुठल्या कुठल्या देशांतल्या बायका आपापली भांडणं आणि युद्धं अशी शिवू लागल्यात.

आणि २०२३ च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे लष्करी उठावाला पन्नास वर्षं व्हायला दोन आठवडे असताना, चिली सरकारने पहिल्यांदा जाहीर केलं की नाहीशा झालेल्यांना शोधण्याची जबाबदारी आता सरकारची. तोवर ते काम घरच्यांचंच होतं. त्या वेळचा सरकारी आकडा १४६९. त्यातल्या ३०७ जणांची ओळख पटलेली.

हे सगळं वाचून झाल्यावर मी परत ते गाठोडं काढलं. शर्ट कापला नाहीच. आकाश शाळेच्या युनिफॉर्मच्या निळ्याचं केलं, जरा गडद झालं, पण चालेल. शर्टाचा खिसा मात्र ब्लेडने हळूहळू उसवून घेतला, त्याला कात्री लागत नाही. धुऊन वाळत घातलाय. चित्राच्या मागे लावायचा विचार आहे. चिठ्ठीत काय लिहायचं ते ताई, तू आलीस की ठरवू.